हव, पण तपासलं कोणी?

कुमुदताई बोकारे आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण होतं पंख्याच्या रेग्युलेटरवरून. रायपूरच्या काही मराठी मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता, अजूनही आहे. त्याचं नाव 'खरं का?' तिथे सुविचार, गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ यांना सक्त मनाई. तंत्रज्ञानाबद्दल किंवा माणसांच्या वागण्याबद्दल काही नवलाचं कळलं तर ते तिथे टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं, एवढाच त्या ग्रुपचा धर्म. मी नवा होतो. नव्या माणसाच्या उत्साहात मी लिहिलं, की पंखा पाचऐवजी दोनवर ठेवला तर वीज वाचते, म्हणून रायपूरच्या उन्हाळ्यात तरी माणसाने जरा सोसायला शिकावं. वाहवा होईल असं वाटलं होतं. खाली एक ओळ आली. "हव, पण तपासलं कोणी?"

'हव' हा छत्तीसगढी होकार. आम्हा इथल्या मराठी माणसांच्या तोंडी तो इतका बसला आहे की नागपूरचे पाहुणे हसतात. पण ताईंच्या 'हव'चा अर्थ मान्य केलं असा नव्हता. ऐकून घेतलं, एवढाच होता.

मी तोऱ्यात लिहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. लगेच फोन वाजला. ओळख नाही, पाळख नाही, बाई सरळ विचारत्या झाल्या, "सगळ्याईले माहीत आहे म्हणजे कोणीच पाहिलं नाही. तुमच्या घरी रेग्युलेटर कोणता आहे? जुना डब्यासारखा, का नवा?" मी म्हटलं, बैठकीत जुना, आतल्या खोलीत नवा. "मग तर मजाच आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि मीटरपाशी जाऊन उभे राहा. मीटरचा लाल दिवा लुकलुकते ना, तो पाहा."

गुढियारीच्या आमच्या घरात भर एप्रिलच्या दुपारी मी फ्रिज बंद केला, कूलर बंद केला आणि मीटरसमोर उभा राहिलो. बायकोने विचारलं, काहून वेड्यासारखं करून राहिले? मी सांगितलं, एका बाईंनी सांगितलं आहे. त्या उत्तराने परिस्थिती सुधारली नाही. पण निकाल लागला. नव्या रेग्युलेटरवर पंखा हळू केला की दिवा चांगला सावकाश लुकलुकायचा, जुन्या डब्यावर मात्र फारसा फरक पडत नव्हता. वाचलेली वीज तो डबा स्वतः तापून खात होता. मी ग्रुपवर पडेल चेहऱ्याने अर्धी माघार घेतली. ताईंनी लिहिलं, "छान. आता हे तुमचं झालं. आधी ते कोणाचंच नव्हतं."

त्या सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होत्या. कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कोणी शहाण्याने 'ड्राफ्ट्सवुमन' म्हटलं की सांगत, "ऑर्डरवर मॅन लिहिलं आहे, राहू दे. काम तर मीच केलं." सरळ रेषेचं त्यांना भारी वेड. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं की उठून सरळ करत. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या लग्नाचा फोटो त्यांनी सरळ केला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला, आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "हा नीट वागते ना?" त्या दिवसापासून मी विलास झालो, अहोजाहो संपलं, आणि माझी बायको त्यांच्या बाजूची झाली.

अंगाने उंच, हाडापेराने मजबूत, केस मागे इतके घट्ट बांधलेले की पाहणाऱ्याचंच डोकं दुखावं. साडीवर कापडी बूट. आवाज साइटवरचा, म्हणजे कालव्याच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. चहा कोरा, त्यात लिंबू. यजमान जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगा नितीन हैदराबादला मोठ्या नोकरीत. चौबे कॉलोनीच्या मागच्या अंगाला एका छोट्या कॉलनीत त्यांचं घर होतं, त्याचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. ते घर सोडून त्या कधी एका मुक्कामापेक्षा जास्त राहिल्याचं मला आठवत नाही.

ग्रुपवर चुकीचं सांगणाऱ्याला शिक्षा होती. आठवडाभर आपल्या नावापुढे स्वतःच्या फोटोऐवजी वांग्याचा फोटो लावायचा. आमचे दाणी डॉक्टर, दातांचे, हे त्या वांग्याचे वारकरी नव्हे, कायमचे भाडेकरू. एकदा त्यांनी टाकलं, की छत्तीसगढचा पिनकोड चारने सुरू होतो आणि महाराष्ट्राचाही चारने, कारण इथे भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस आहे म्हणून डाकखात्याने ही सोय ठेवली. आम्हा सगळ्यांची छाती फुगली. ताई म्हणाल्या, "हव, पण तपासलं कोणी? मध्य प्रदेशचाही चारनेच आहे, गोव्याचाही. गोव्यात काय भोसले होते का डॉक्टर?" डॉक्टरांना वांगं लागलं. त्यांच्या एका पेशंटने फोन करून विचारलं, की साहेब, दवाखाना बंद करून भाजीचं दुकान टाकलं का.

ताईंवर वांगं मी एकदाच आलेलं पाहिलं. की-बोर्डवरच्या दोन बटणांवर जे बारीक उंचवटे असतात ते साच्यात राहून गेलेलं वाढीव प्लास्टिक आहे, असं त्या बोलून गेल्या. आमच्यातली सर्वांत लहान प्रज्ञा, नव्या रायपुरात एका कंपनीत कामाला. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिने लिहिलं, "आंटी, वो इसलिए है कि बिना देखे उंगली को अपनी जगह मिल जाए." ताईंनी लगेच वांगं लावलं. मग प्रज्ञाला घरी बोलावून घेतलं, डोळे मिटून की-बोर्डपाशी बसल्या आणि ते उंचवटे बोटाने शोधत राहिल्या. प्रज्ञा सांगत होती, एवढ्या आनंदाने वांगं लावणारं माणूस मी पाहिलं नाही.

त्यानंतर ताई कडक झाल्या. म्हणजे आधी मऊ होत्या असं नाही, पण आता ग्रुपवर नवे कायदे येऊ लागले. पहिला कायदा, चेहरे टाकायचे नाहीत. हसणारा, रडणारा, डोळा मारणारा, एकही नाही. हसू आलं तर 'हसू आलं' असं लिहा, तुमचे हात काही झिजत नाहीत. दुसरा कायदा, फोटो टाकला तर त्याच्याखाली फोटोत काय आहे ते लिहायचं. डॉक्टर कुरकुरले, फोटो आहे म्हटल्यावर लिहायचं कशाला? ताई म्हणाल्या, "तुम्ही काय पाहिलं ते मले कळायले पाहिजे. फोटो तर कॅमेऱ्याने पाहिला." खरं सांगायचं तर ग्रुप त्याने सुधारला. आम्ही निरखून पाहायला लागलो. डॉक्टरांनी एकदा दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीवरच्या दिव्याचं वर्णन असं केलं की त्यांच्या हातून काही चांगलं लिहून होईल यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला.

आम्हाला वाटलं, बाईंचा स्वभाव. वयाबरोबर माणूस आणखी स्वतःसारखा होतो, तसंच हे.

एक दिवस प्रज्ञाने फोटो टाकला. कुठल्याशा शहरातला फुटपाथ. त्यावर पिवळ्या फरश्यांची पट्टी सरळ जाते आणि नेमकी विजेच्या खांबाला जाऊन धडकते. कायदा मोडून सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. ताईंचा आवाजी निरोप आला. "हसणं झालं असंल तर लिहा, त्यात काय आहे." प्रज्ञाने लिहिलं. मग ताईंनी विचारलं, ती पिवळी पट्टी कशासाठी असते ते कोणाला माहीत आहे का. मी म्हटलं, पाय घसरू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, शोभा. ताई म्हणाल्या, "ती अंधळ्या माणसाचा रस्ता आहे. जपानात निघाली. लांब रेघा असल्या तर चाल, गोल ठिपके असले तर थांब. पायाने वाचायची. आपल्या स्टेशनवर आहे. विलास, तू जवळ राहतो, जाऊन पाहून ये. बूट काढून."

गेलो. रायपूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, बँकेतल्या नोकरीच्या कपड्यात, हातात बूट घेऊन, डोळे मिटून मी त्या पिवळ्या पट्टीवर चालू लागलो. मोजे काढले होते, कारण मोज्यांबद्दल ताई विचारणार हे ठाऊक होतं. एका हमालाने अतिशय आदराने विचारलं, "भैया, कोई मन्नत है क्या?" मी हो म्हटलं, ते सांगायला सोपं होतं. पण खरोखर, डोळे मिटल्यावर पायाला कळत होतं. रेघ आणि ठिपका यांत पायाचा गोंधळ होत नव्हता. मी ताईंना तसं कळवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की कळते? नक्की?" एवढ्यांदा त्या कधी विचारत नसत.

पुढच्या महिन्यात त्यांच्या कॉलनीची सभा होती. रस्त्याच्या कडेने नवे ब्लॉक बसवायचे होते आणि ताईंनी समितीकडून पट्टी मंजूर करून घेतली होती. घरांच्या रांगेपासून बागेवरून कॉलनीच्या गेटपर्यंत, जिथे भाजीवाल्या बसतात. पट्टीला कोणाचा विरोध नव्हता. आधुनिक दिसेल, म्हणून लोक खूश होते. भांडण होतं रंगावरून. ताईंनी प्रज्ञाला, डॉक्टरांना आणि मला बोलावलं होतं, पाठीशी चार माणसं असावीत म्हणून. रविवारी सकाळी बागेत खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधोमध नमुन्याचे दोन ब्लॉक ठेवले होते, एक मरून आणि एक पिवळा.

सेक्रेटरी भला माणूस होता. तो म्हणाला, "दीदी, पट्टी आप कहें वैसी बनेगी. लेकिन मरून में. पीला स्टेशन जैसा लगता है, घर के सामने अच्छा नहीं दिखता." माना डोलल्या. ताई पिवळा का ते समजावून सांगू लागल्या, की ज्यांना थोडं दिसतं त्यांना डांबराशेजारी पिवळाच दिसतो. तो ऐकत होता. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "बात आपकी सही है. पर अपनी कॉलोनी में ब्लाइंड है कौन?"

ताई उभ्या होत्या. त्यांनी हात मागे नेला आणि खुर्चीची पाठ शोधली. ती पाठ त्यांच्या हातापासून वीतभर लांब होती आणि हात तिच्या आजूबाजूने फिरत राहिला. मी त्यांना कितीदा पाहिलं होतं, पण हे पाहिलं नव्हतं. मग खुर्ची सापडली.

"मैं हूँ," त्या म्हणाल्या.

चहा वाटणाऱ्या बाई जागच्या जागी थांबल्या. ताईंनी आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता. एक डोळा गेला, दुसऱ्यात नळीतून पाहावं तेवढंच उरलं आहे, तेही धुरकट, आणि ते टिकणारं नाही. फोन त्यांना सगळं वाचून दाखवायचा. प्रज्ञाकडून त्यांनी तो तसा करून घेतला होता, प्रयोग करायचा आहे असं सांगून. एखाद्याने हसणाऱ्या चेहऱ्यांची ओळ टाकली की फोन प्रत्येक चेहऱ्याचं नाव वेगळं वेगळं वाचत बसायचा. आमच्या कायद्यांचं मूळ मला तिथे त्या बागेत कळलं.

कोणीतरी हळहळायला सुरुवात केली. ताईंनी त्याला तिथेच अडवलं. "दुख बाद में मनाना. अभी तपासो." त्या पाठ करून उभ्या राहिल्या. सेक्रेटरीला म्हणाल्या, ब्लॉक उचला, रस्त्यावर कुठेही ठेवा. त्याने ठेवले. ताई वळल्या, मान जरा तिरकी करून रस्ता धुंडाळला आणि बोट दाखवलं, "पीला वहाँ." बरोबर होतं. मग त्या पुढे निघाल्या आणि मरून ब्लॉकला त्यांचा पाय लागला. तो त्यांच्या अगदी समोर होता.

पिवळा मंजूर झाला. ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळू म्हणाल्या, "झालं. आता नितीनले कळंल." पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांच्या वयाचा वाटला. तोपर्यंत त्यांनी हे मुलापासून लपवलं होतं, कारण कळताच तो त्यांना हैदराबादला नेणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका पिवळ्या ब्लॉकसाठी त्यांनी ते झाकण स्वतःच्या हाताने उघडलं होतं. कोणीतरी सभेचा व्हिडिओ काढलाच होता, तो संध्याकाळच्या आत हैदराबादला पोचला.

नितीन दुसऱ्या दिवशी आला. वाईट मुलगा असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो चांगला होता. त्याने आईसाठी खोली तयार ठेवली होती, दिवसभर सोबतीला बाई ठरवली होती. प्रज्ञा आणि मी तेव्हा तिथे होतो. तो म्हणाला, "आई, तू मला एवढे दिवस सांगितलं नाहीस."

"सांगतलं असतं तर तू तेव्हाच नेलं असतं. तेवढे दिवस मी कमावले."

"आणि उद्या पडलीस तर? मी तिथे, तू इथे. मला झोप येईल का?"

ताईंनी शेजारच्या भिंतीवर तळहात ठेवला. मग म्हणाल्या, "या घराची भिंत न् भिंत मी काढली आहे, नितीन. इथे मले दिसत नसलं तरी मी कोणीतरी आहे. तुझ्या चौदाव्या मजल्यावर मी सामान होईन. जिथे ठेवशील तिथे राहीन."

"आई, असं नको बोलू."

"बरं, नाही बोलत. पण मी पडंन हे तू ऐकलेलं आहे का पाहिलेलं?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही समजलो की आता काय होणार. अट ताईंनीच घातली. पट्टी तयार झाली की त्या एकट्या घरापासून गेटपर्यंत जाणार, भाजी घेणार, एकट्या परत येणार. नितीन आणि ग्रुपची माणसं मागून चालतील. कोणी बोलायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. ताई पडल्या तर त्या बॅग भरणार आणि हैदराबादला जाणार, पुन्हा विषय काढणार नाहीत. नाही पडल्या तर नितीन विषय काढणार नाही. नितीनला हे मुळीच आवडलं नाही, पण तो ताईंचाच मुलगा होता, त्याने मान्य केलं.

पट्टी बसत असताना ताई मिस्त्र्यांच्या डोक्यावर उभ्या. पहिल्या दिवशी मिस्त्र्यांनी सरळ रस्त्यावर ठिपक्यांचे ब्लॉक लावून टाकले. ताईंनी बूट काढून पाय फिरवला आणि तेवढा भाग उखडायला लावला. मला फोनवर म्हणाल्या, "हे तर मले पावलापावलाले थांब सांगून राहिलं होतं. अशाने भाजी आणायले दिवाळी लागंल." मग प्रज्ञाने पांढरी काठी मागवून दिली. ती त्यांना आधी हातात धरवेना. आठवड्याभराने मी विचारलं तर म्हणाल्या, काठी म्हणू नको, ती माझी पट्टीच आहे मोजायची. रोज सकाळी त्या बाहेर पडत आणि सराव करत, आणि त्या वेळी कोणी सोबत आलेलं खपत नसे.

पट्टी पुरी झाली तसा नितीन पुन्हा आला. सकाळी उन्हं कोवळी असताना आम्ही निघालो. पुढे ताई, काखेत कापडी पिशवी. मागे नितीन, डॉक्टर, प्रज्ञा आणि मी. एखाद्या मिरवणुकीला बोलायची बंदी असावी तसे आम्ही चाललो होतो. ताईंची चाल काही सुंदर नव्हती. मान पुढे, काठी डावीकडे उजवीकडे, मधेच पाय चाचपडत. पण त्या चालत होत्या. बागेच्या वळणावर ठिपके आले तशा थांबल्या, पायाने रेघा शोधल्या आणि वळल्या. नितीनने मोठ्याने श्वास सोडला, प्रज्ञाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. गेटपाशी ताईंनी लाल भाजीच्या जुड्या हाताने दाबून पाहिल्या, शिळी एक परत केली आणि भाजीवालीशी नेहमीइतकाच वाद घातला.

परत येताना घात झाला. जाताना नव्हती अशी एक स्कूटर कोणीतरी पट्टीवर आडवी लावून ठेवली होती. काठी तिच्या खालून गेली आणि ताईंची नडगी फूटरेस्टवर आदळली. त्या पुढे झुकल्या. नितीन धावला. मी त्याचा दंड धरला, का धरला ते आजही मला सांगता येणार नाही, पडल्या असत्या तर जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. ताईंचा हात सीटवर पडला आणि त्या सावरल्या.

बाजूने जायला जागा होती. कोणीही बाजूने गेलं असतं. ताईंनी हँडल चाचपलं, सीट चाचपली आणि तिथेच उभ्या राहून साइटवरच्या आवाजात विचारलं, "ये गाड़ी किसकी है?"

समोरच्या घरातून एक माणूस डोकावला. "अरे अम्मा, साइड से निकल जाओ ना. इतनी तो जगह है."

"मुझे साइड नहीं दिखती. ये मेरा रास्ता है. आप हटाइए."

तो आधी हसला, मग त्याने मागे उभ्या आम्हा चौघांकडे पाहिलं. आमच्यातलं कोणी हललं नाही. ताई सीटवर हात ठेवून उभ्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत उभ्या राहतील हे त्याला दिसलं असावं. त्याने येऊन स्कूटर सरकवली. ताईंनी पायाने रेघा शोधल्या आणि घरापर्यंत गेल्या.

फाटकाच्या आत आल्यावर नितीन खाली बसला. "आई, रक्त येऊन राहिलं." तो लहानपणीची मराठी बोलत होता.

"माहीत आहे. धडकली. पण पडली नाही. डॉक्टर, तुम्ही पाहिलं?" डॉक्टरांनी मान हलवली, मग भान येऊन मोठ्याने हो म्हणाले.

नितीन जखम पुसत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "आणि रोज कोणी गाडी लावली तर?"

"रोज हटवीन," ताई म्हणाल्या.

तो संध्याकाळच्या विमानाने एकटा गेला. जाताना त्याने माझा हात दाबला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर ताई त्यांच्या घरातच राहिल्या आणि तिथेच, झोपेत, मागच्या थंडीत गेल्या. मी तेव्हा रायपुरात नव्हतो. माझी बदली अंबिकापूरला झाली होती. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रायपूर सोडून जाताना. सामान ऑटोत होतं, आणि वाटेत त्यांना भेटून निघू म्हणून मी कॉलनीत वळायला सांगितलं. तोवर उरलेला डोळाही गेला होता, ते त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, पाऊस पडला असं सांगावं तितक्या साधेपणाने.

ऑटो गेटातून आत आला आणि त्या समोरच दिसल्या. पाठमोऱ्या. पिशवी काखेत, पायात तेच कापडी बूट. पट्टीवर एक मोठी पांढरी गाडी उभी होती आणि ताई तिच्या बोनेटवर तळहात ठेवून तिच्यापुढे उभ्या होत्या. आरडाओरडा नाही, घाई नाही. ऑटोवाला भला होता, त्याने ब्रेक मारला आणि म्हणाला, "माताजी अटक गई हैं. पार करा दूँ?"

मी म्हटलं, "नहीं भैया. अटकी तो गाड़ी है."

तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिला. मी हाक मारली नाही. ताई उभ्या होत्या, त्यांनी बोनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि पुन्हा हात सपाट ठेवला. वरच्या मजल्याचं दार उघडलं, आणि एक माणूस चप्पल पायात सरकवत, हातात किल्ली घेऊन जिना उतरून धावत आला.